यावेळचे डोहाळे वेगळे का?

"माझ्या दोन्ही वेळेला एवढं नव्हतं हो झालं." बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताई हे सांगत होत्या तेव्हा त्यांना आठवा आठवडा होता. पोटातलं बाळ त्यांच्या नणंदेचं. नणंदेला गर्भ राहत नव्हता, म्हणून तिचा आणि तिच्या नवऱ्याचा गर्भ आपल्या पोटात वाढवायला, म्हणजे सरोगसीला, यांनी होकार दिला. आता सकाळी फोडणीचा वास आला की त्या परसदारी धावत होत्या. सासूबाईंचं मात्र एकच पालुपद: "दोन पोरं झाली की तुला, आता काय नवीन?"

नवीन आहे. बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवणारी वार आईच्या शरीराने बनवलेली असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती बाळाबरोबर त्याच गर्भापासून तयार होते. या ताईंच्या पोटातल्या वारेत नणंदेची आणि तिच्या नवऱ्याची जनुकं आहेत, ताईंचं एकही नाही. आणि मळमळीचं मूळ बरंचसं या वारेतच आहे. 'जीडीएफ१५' नावाचं एक संप्रेरक (हार्मोन) वारेतून आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेलं उलटीचं केंद्र चाळवतं. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर' मासिकात आलेल्या संशोधनाने यातली दुसरी बाजूही दाखवली. गरोदरपणाआधी ज्या बाईच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतं, तिला ते अचानक वाढल्यावर जास्त त्रास होतो. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्ण बायकांच्या रक्तात ते मुळातच भरपूर असतं, त्यांना मळमळ क्वचितच होते. म्हणजे वार किती पाठवते आणि शरीराला त्याची किती सवय आहे, या दोन्हींवर त्रास ठरतो. यावेळी वारच वेगळी आहे, तर मागच्या दोन बाळंतपणांचं माप लावून कसं चालेल?

त्यात औषधांची भर. गोठवलेला गर्भ बाहेरच्या हार्मोनवर तयार केलेल्या गर्भाशयात सोडतात, तेव्हा त्या महिन्यात बाईचं स्वतःचं बीज सुटलेलं नसतं. बीज सुटल्यावर अंडाशयात जी गाठ गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवते, तीही मग नसते. म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, साधारण दहा-बारा आठवड्यांपर्यंत. पुढे वार ते काम अंगावर घेते. प्रोजेस्टेरॉन स्नायू सैल सोडतं, आतड्याचेसुद्धा. त्यातून बद्धकोष्ठ, पोट फुगणं, छातीत जळजळ, दिवसभर झापड. हा त्रास गरोदरपणाचा की औषधाचा, हे बाईला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही पुष्कळदा वेगळं काढता येत नाही. पण मळमळ वाढली म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही.

ताईंना प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं कमरेखाली, मागच्या बाजूला मिळत होती. तेलातलं औषध, मधासारखं दाट. पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी आल्या आणि एसटीच्या बाकावर टेकणं मुश्कील झालं. मग नर्सबाईंनी रीत सांगितली: कुपी आधी दहा मिनिटं मुठीत धरून कोमट करायची, आज डावी बाजू तर उद्या उजवी, सुई काढल्यावर जागा हलक्या हाताने चोळायची आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकायची. चार दिवसांत गाठी मऊ पडल्या. गाठ लाल झाली, तापली किंवा अंगात ताप आला तर मात्र शेकत बसू नये, दाखवावं.

मळमळीवरचे उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. उठण्याआधी अंथरुणातच मूठभर चिरमुरे किंवा शिळ्या भाकरीचा कडक तुकडा खावा, कारण रिकामं पोट मळमळ वाढवतं. दोन भरपेट जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खावं. नाचणीची पातळ आंबील गार करून घेतली की बहुतेकींना सोसते. आल्याचा थोडाफार गुण येतो. संकेश्वरी मिरचीचा ठेचा काही महिने फडताळातच राहू दे, जळजळीला तो निमित्त पुरवतो. लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. आणि निपाणी भागात घरी तंबाखूचं काम असेल, तर या नऊ महिन्यांत तिने त्यापासून लांब राहावं. ओल्या पानांतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि त्याने स्वतंत्रपणे ओकाऱ्या येतात.

एवढं करूनही पाणी पोटात ठरत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, वजन उतरत असेल, तर ते डोहाळे राहिले नाहीत, तो आजार आहे. त्यावर सलाईन आहे, ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन यांची गरोदरपणात चालणारी गोळी आहे. "बाळ दुसऱ्याचं, मी तक्रार कशी करू?" हा विचार मी सरोगसीत फार ऐकते आणि मला त्याचीच भीती वाटते. शरीर तिचं आहे. डॉक्टरांनी प्रश्न तिलाच विचारावेत, उत्तर तिनेच द्यावं, शेजारी बसलेल्या नातेवाइकांनी नव्हे.

कारण पुढचा धोका खरा आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या २०१२ ते २०२१ मधल्या बाळंतपणांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. आपसूक गर्भ राहिलेल्या बायकांत गंभीर गुंतागुंत २.३ टक्के होती, आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून पोटात सोडणं) केलेल्यांत ४.३ आणि सरोगेट बायकांत ७.८ टक्के. रक्तदाब वाढणं हा त्यातला मोठा भाग. एरवी वारेची निम्मी जनुकं तरी आईची असतात. इथे पूर्ण वार परकी, आणि तिच्याशी जुळवून घेताना आईच्या प्रतिकारशक्तीची ओढाताण होत असावी, असं एक कारण मानलं जातं. म्हणून विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात सुजणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाब मोजून घ्यावा. १४०/९० किंवा वर असेल तर थेट दवाखाना. एकाच पोटरीला सूज आणि कळ, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणं, यांनाही थांबायचं नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात रस्त्याला वेळ लागतो, तेव्हा १०८ ला फोन लवकर करावा.

सरोगसीच्या २०२१ च्या कायद्याने सरोगेट बाई २५ ते ३५ वयाची, स्वतःचं मूल असलेली हवी आणि हे तिने आयुष्यात एकदाच करायचं. मोबदला नाही, औषधपाण्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा आहे. विम्याची मुदत बाळंतपणानंतरही चालते, हे कागद हाती घेताना बघून ठेवावं.

बाळंतपणानंतरची एक गोष्ट ताईंना कुणीच सांगितली नव्हती. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दूध उतरायला वाट मोकळी होते. बाळ शेजारी आहे की नणंदेच्या मांडीवर, शरीराला कळत नाही. तिसऱ्या दिवशी ताईंची छाती दगडासारखी झाली, पदर भिजला, त्या घाबरल्या. दूध पाजायचं नसेल तर नीट बसणारी ब्रा, गार पट्ट्या आणि ताण कमी होण्यापुरतंच हाताने काढणं. जास्त काढलं तर जास्त येतं. दूध थांबवायची गोळीही असते, ती डॉक्टरांना विचारूनच. आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. रडू मात्र दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.