सी भाषेतील संगणक-ओळखक्रमांक

एखादा संगणक इतर सर्व संगणकांपासून वेगळा ओळखता यावा यासाठी त्याला दिलेल्या कायमस्वरूपी संख्येला संगणक-ओळखक्रमांक म्हणतात. परवाना तपासणे, नोंदी जुळवणे आणि नेटवर्कवरील यंत्रांची यादी ठेवणे यांसाठी तो लागतो. सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत असा क्रमांक देणारे एकही फंक्शन नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळवावा लागतो किंवा स्वतः तयार करून जपावा लागतो.

यातला सर्वांत जुना मार्ग म्हणजे १९८३ च्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीतील गेटहोस्टआयडी हे फंक्शन. ते फक्त ३२ बिटांची संख्या देते, आणि ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीमध्ये होस्टआयडीची फाइल नसेल तर ती संख्या यंत्राच्या नावाशी जोडलेल्या आयपी पत्त्यावरून काढली जाते. ज्या यंत्रांवर हा पत्ता १२७.०.१.१ असतो, त्या सर्वांना त्यामुळे एकच क्रमांक मिळतो. नव्या प्रोग्रामसाठी हे फंक्शन वापरू नये.

सिस्टिमडी (यंत्र सुरू करून त्यावरील सेवा सांभाळणारी प्रणाली) असलेल्या लिनक्सवर इटीसी निर्देशिकेतील मशीन-आयडी या फाइलीत १२८ बिटांचा क्रमांक ३२ षोडशमान अक्षरांत लिहिलेला असतो. शेवटच्या शून्य बाइटासह ३३ बाइटांचा बफर (मेमरीतील तात्पुरती जागा) घेऊन एफगेट्स या सी फंक्शनने तो वाचता येतो. मात्र फाइल रिकामी असू शकते, म्हणून लांबी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. विंडोजवर रजिस्ट्री या सेटिंग्जच्या साठ्यातील मशीनगुइड (MachineGuid) हे मूल्य, तर मॅकओएसवर गेटहोस्टयूयूआयडी हे फंक्शन उपलब्ध आहे.

क्रमांक स्वतः तयार करायचा असल्यास चौथ्या आवृत्तीचा यूयूआयडी, म्हणजे यादृच्छिक बिटांपासून बनवलेला १२८ बिटांचा ओळखक्रमांक, सोयीचा ठरतो. लिनक्सवर गेटरँडम या फंक्शनकडून १६ यादृच्छिक बाइट घ्यायचे, सातव्या बाइटाचे वरचे चार बिट ०१०० आणि नवव्याचे वरचे दोन बिट १० करायचे. उरलेले १२२ बिट यादृच्छिक राहतात. एसरँड या सी फंक्शनला सुरुवातीचे मूल्य म्हणून सेकंदातील वेळ देऊन रँड या फंक्शनने क्रमांक बनवण्याची सवय मात्र घातक आहे, कारण एकाच सेकंदाला सुरू झालेल्या दोन सारख्या यंत्रांवर तोच क्रमांक तयार होतो.

खरी कसोटी साठवणुकीत लागते. पहिल्याच वेळी दोन प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) एकदम सुरू झाल्या, तर दोघीही आपापला क्रमांक लिहू पाहतात. यावरचा भरवशाचा उपाय असा, की प्रत्येकीने क्रमांक अंतिम फाइलीच्याच निर्देशिकेतील स्वतःच्या तात्पुरत्या फाइलीत पूर्ण लिहावा, एफसिंक करून तो डिस्कवर पोहोचवावा आणि मग लिंक या सिस्टिम कॉलने तिला अंतिम नाव द्यावे. ते नाव आधीच घेतलेले असेल तर लिंक अपयशी ठरतो, आणि मागे पडलेल्या प्रोसेसने आपला क्रमांक टाकून आधी साठवलेला वाचावा.

मशीन-आयडी गोपनीय मानला जातो. तो जसाच्या तसा बाहेर पाठवण्याऐवजी त्याची किल्ली करून एचमॅक-एसएचए-२५६ या किल्लीवर आधारित हॅश पद्धतीने प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी वेगळा क्रमांक काढावा. सिस्टिमडीच्या लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. व्हर्च्युअल मशीनची प्रतिमा बनवतानाही मशीन-आयडीची फाइल आधी रिकामी करावी लागते, नाहीतर त्या प्रतिमेपासून उभी राहणारी सर्व यंत्रे एकाच ओळखीने वावरतात.