प्रतिपिंडजन्य संसर्गवृद्धी

आधीच्या संसर्गामुळे, लसीमुळे किंवा आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे, म्हणजे अँटीबॉडींमुळे, विषाणूला पेशीत शिरणे सोपे होते, त्या क्रियेला हे नाव आहे. 1964 मध्ये हॉक्स या शास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत प्रथम नोंदवली. डेंग्यूशी तिचा संबंध जोडला तो संशोधक स्कॉट हॅलस्टेड यांनी.

प्रतिपिंडाचा रेणू बेचकीसारखा असतो. दोन फाटे विषाणूला धरतात आणि दांडी महाभक्षी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींवरच्या एफसी ग्राहींत (दांडी पकडणाऱ्या खोबणींत) अडकते. एरवी पेशी अशी शिकार गिळून पचवते. डेंग्यूचे मात्र चार प्रकार आहेत. एका प्रकारासाठी घडलेले बरेच प्रतिपिंड दुसऱ्याला नुसते चिकटतात, निकामी करत नाहीत. दांडी तरीही ग्राहीत बसतेच. गिळलेला विषाणू ज्या पिशवीत जातो त्या पुटिकेतल्या आम्लतेत त्याचे आवरण तिच्या पटलाशी एकजीव होते आणि पचण्याआधीच त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय मजकूर, पेशीद्रवात उतरतो. मग तीच पेशी नवे विषाणू घडवू लागते.

यात प्रमाण निर्णायक ठरते. भरपूर प्रतिपिंड विषाणूला झाकून टाकतात, अगदी थोडे असले तर फरक पडत नाही. धोका मधल्या पट्ट्यात. निकाराग्वातील मुलांच्या 2017 च्या अभ्यासात तो 1:21 ते 1:80 या पातळीला (रक्तद्रव इतक्या पट पातळ करूनही प्रतिपिंड सापडतात ती पातळी) दिसला. आईचे प्रतिपिंड ओसरत असलेल्या तान्ह्या बाळाला पहिलाच डेंग्यू जड जातो, तो याचमुळे. फिलिपिन्समध्ये 2016 पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया लस दिली गेली. आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांत ती पुढचा आजार तीव्र करू शकते, हे नोव्हेंबर 2017 मध्ये उत्पादकानेच जाहीर केले.

सोलापुरात हा विषय पाण्यापाशी येतो. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी हौद, पिंप, बॅरल भरलेले. एडिस डासाला असेच साठवलेले, स्वच्छ पाणी लागते आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असे सांगणे सोपे. पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेली बाई भरलेले पिंप ओतून कसे देईल? घट्ट झाकण किंवा वर बांधलेले जुने धोतर तिला जास्त उपयोगाचे.

‘एकदा होऊन गेला, आता होत नाही’ हा समज त्या एकाच प्रकारापुरता खरा. दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण थोडाच काळ टिकते. दुसऱ्या वेळचे बहुतेक रुग्णही बरे होतात, पण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका वाढलेला असतो. घरचे लोक प्लेटलेट पेशी किती उरल्या ते विचारत राहतात. खरे लक्ष ठेवायचे ते ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, पोटदुखी, सततच्या उलट्या आणि सुस्ती यांवर.