अजवा धरणाचे दरवाजे बंद ठेवले असते तर?

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात काळ्या घोड्याच्या पुलाजवळ विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची खूण 26 फुटांची असताना. पाणी ओसरायच्या आत दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत एकच निदान: "अजव्याचे दरवाजे सोडले म्हणून बडोदं बुडालं."

हे अर्धंच खरं. अजवा तलाव सयाजीराव महाराजांनी बांधला तो शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून, पूर अडवायला नव्हे. शिवाय धरण मातीचं. भरलेल्या तलावाचं पाणी अडवून धरलं आणि ते माथ्यावरून वाहू लागलं, तर बांध खचतो, आणि मग येणाऱ्या लोंढ्यापुढे हा पूर काहीच नाही. दरवाजे त्यासाठीच असतात. पाऊस येण्याआधी तलावात जागा किती रिकामी ठेवली, हा प्रश्न मात्र जरूर विचारावा.

दुसरं, अजव्याच्या खाली पडणारा पाऊस कोणत्या दरवाजाने थांबणार? तो ओढ्यांतून आणि भूखी कांसेसारख्या नाल्यांतून थेट नदीत येतो. नदी नागमोडी, उतार कमी. काठच्या कोतरांत, म्हणजे घळींत, भराव टाकून इमारती उठल्या, म्हणजे पुराच्या पाण्याला पसरायची जागाच गेली. पुढे ती जिला मिळते त्या ढाढर नदीलाही पूर असेल तर विश्वामित्रीचं पाणी तुंबतं. 2025 मध्ये पालिकेने पात्रातला गाळ काढला, ठीकच. पण वरचं हालोल-वाघोडिया आणि खालच्या ढाढरकाठच्या गावांचा आराखडा एकत्र हवा. नुसतं शहरातलं पात्र रुंद केलं, तर पाणी खालच्या गावांत लवकर पोचेल, एवढंच.