निगेटिव्ह रक्तगट आणि गर्भपातानंतरचे ७२ तास

बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि पहिलाच गर्भ टिकला नाही, तर घरात कारण सापडायला वेळ लागत नाही. ‘तिचं रक्तच निगेटिव्ह, म्हणून राहिलं नाही,’ असं सासरचे बोलतात, कधी माहेरचेही बोलतात. जिचं अंगावरून जाणं अजून थांबलेलं नाही, ती बिचारी ते ऐकून घेते. हे खरं नाही, आणि कुणीतरी तिला ते स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या तीन महिन्यांतले जवळपास निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात. हा बिघाड आईचा रक्तगट पाहून होत नाही.

निगेटिव्ह रक्तगटामुळे पहिला गर्भ पडत नाही. पण पडलेल्या गर्भामुळे पुढच्या बाळाला धोका पोचू शकतो. दोष जिथे नाही तिथे आपण तो शोधत बसतो, आणि जी काळजी त्याच दोन-तीन दिवसांत घ्यायची असते ती राहून जाते.

आपल्या तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचं एक प्रथिन असतं. ते असेल तर रक्तगट पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. युरोपात शंभरातल्या साधारण पंधरा जणांमध्ये ते नसतं, भारतात साधारण पाच जणांमध्ये. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. पोटात असताना आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये वार असते. बाळंतपणात, गर्भपातात, पिशवी साफ करताना किंवा गर्भ नळीत राहिला असेल तर मात्र बाळाचं थोडंसं रक्त आईच्या रक्तात जातं. एका मिलिलिटरचा दहावा हिस्साही पुरेसा ठरू शकतो. आईच्या शरीराला ‘डी’ अनोळखी असतं, म्हणून ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी तयार करू लागतं.

हे काम सावकाश चालतं, काही आठवडे ते काही महिने. सुरुवातीची प्रतिपिंडं आकाराने मोठी असतात, ती वार ओलांडू शकत नाहीत. म्हणूनच ज्या गर्भारपणात ही ओळख झाली, ते बाळ बहुधा सुखरूप राहतं. पण शरीर ती ओळख विसरत नाही. पुढच्या खेपेला बाळ पॉझिटिव्ह असेल तर लहान आकाराची प्रतिपिंडं भराभर तयार होतात, वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होतो, अंगात पाणी भरतं. जन्मल्यावर पहिल्याच दिवशी कावीळ चढते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर ती मेंदूपर्यंत जाते.

यावरचा उपाय सापडला तो एका उलट्या वाटणाऱ्या विचारातून. आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून तिला तीच प्रतिपिंडं बाहेरून टोचायची. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गोरमन आणि पोलाक, तर लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन एकाच दिशेने निघाले होते. क्लार्क हे वैद्य, पण फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करता करता या प्रश्नाकडे वळलेले. फिन यांना निसर्गानेच एक धागा दिला होता. आई ‘ओ’ गटाची आणि बाळ ‘ए’ गटाचं असेल तर ‘डी’ विरुद्धची प्रतिपिंडं क्वचितच तयार होतात, कारण ‘ए’ विरुद्धची प्रतिपिंडं आईच्या रक्तात आधीपासून असतात आणि शरीराला ‘डी’ची दखल घ्यायला वेळ मिळायच्या आत ती बाळाच्या पेशींचा निकाल लावतात. मग हेच काम आपण टोचून का करू नये? न्यूयॉर्कच्या गटाने सिंग सिंग तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर प्रयोग केले. जानेवारी १९६४ मध्ये गोरमन यांच्या इंग्लंडमधल्या भावजयीला बाळंतपणानंतर हे इंजेक्शन मिळालं, आणि १९६८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. उपचार नसताना सोळा टक्क्यांच्या आसपास बायकांमध्ये प्रतिपिंडं तयार होत. बाळंतपणानंतरच्या डोसमुळे हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या डोसची जोड मिळाल्यावर अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं. पोटातल्या बाळाचा जीव वाचवणाऱ्या शोधांत मी याला फार वरचं स्थान देईन.

हे इंजेक्शन म्हणजेच अँटी-डी. ते माणसाच्या रक्तद्रवातूनच मिळवावं लागे. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा रक्त आणि रक्तद्रव दिला. चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली तेव्हा अनोळखी लोकांच्या रक्तावर ते वाचले होते. २०२५ मध्ये ते गेले. आता प्रयोगशाळेतल्या पेशींपासून बनवलेलं मोनोक्लोनल अँटी-डीही भारतात मिळतं.

इंजेक्शन गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं. ते लसीसारखं जन्मभर पुरत नाही. बाहेरून आलेली प्रतिपिंडं काही आठवड्यांत विरून जातात, म्हणून प्रत्येक गर्भपाताला आणि पॉझिटिव्ह बाळाच्या प्रत्येक बाळंतपणाला नवा डोस लागतो. ‘मागच्या वेळी घेतलंय ना, मग आता कशाला’ हा गैरसमज शिकल्यासवरल्या घरांतही भेटतो. ७२ तास उलटून गेले असतील तरी आशा सोडू नये. दहा दिवसांपर्यंतही थोडाफार उपयोग होतो, तेव्हा उशीर झाला म्हणून दवाखान्यात जायचंच टाळू नये.

किती आठवड्यांच्या गर्भपाताला ते खरोखर लागतं, यावर सध्या मतभेद आहेत. अगदी लहान गर्भात रक्तच इतकं कमी असतं की आईच्या शरीराला जाग यावी एवढं ते पलीकडे जात नाही, असं अलीकडच्या अभ्यासांतून दिसतंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातासाठी हे इंजेक्शन देऊ नये, असं सुचवलं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर मात्र ते देतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं. पाळीची तारीख नक्की आठवत नाही, सोनोग्राफी झालेली नाही, तेव्हा दहा आठवडे की तेरा हे कोण ठरवणार? काही हजारांचा खर्च एका बाजूला आणि पुढच्या प्रत्येक बाळाची धास्ती दुसऱ्या बाजूला. पण सातव्या आठवड्यात गर्भ पडला आणि इंजेक्शन राहून गेलं, अशा बाईने झोप उडवून घेऊ नये. तिचा धोका खरोखरच कमी आहे.

पुन्हा दिवस गेले की पहिल्याच तपासणीत ‘आयसीटी’ म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करून घ्यायची. बाईच्या रक्तातला पिवळसर द्रव वेगळा काढून त्यात ‘ओ’ पॉझिटिव्ह पेशी मिसळतात आणि नळी ३७ अंशांवर ठेवतात. द्रवात प्रतिपिंडं असतील तर ती पेशींना चिकटतात, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग मिठाच्या पाण्याने पेशी तीन-चार वेळा धुतात, म्हणजे न चिकटलेलं सगळं वाहून जातं. त्यावर चिकटलेल्या प्रतिपिंडांना एकमेकांशी जोडणाऱ्या कूम्ब्स द्रवाचे थेंब टाकून नळी फिरवतात आणि हलक्या हाताने टिचकी मारून बघतात. तळाचा लाल थर सुटा होऊन पसरला तर निगेटिव्ह. गुठळ्या तशाच राहिल्या तर पॉझिटिव्ह. १९४५ पासून चालत आलेली ही रीत आजही विश्वासाची आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. अँटी-डी घेतल्यानंतर काही आठवडे ही चाचणी टोचलेल्या औषधामुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते. असा रिपोर्ट बघून घर हादरतं. म्हणून इंजेक्शनची तारीख डॉक्टरांना आपणहून सांगावी. चाचणी निगेटिव्ह राहिली तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा चाचणी, मग ३०० मायक्रोग्रॅमचा डोस, आणि बाळ जन्मल्यावर त्याच्या नाळेतलं रक्त पॉझिटिव्ह निघालं तर आणखी एक. बाकी सगळं गर्भारपण इतर बायकांसारखंच. रक्तगटापायी पुन्हा दिवस राहायला थांबावं लागत नाही. थांबायचं असेल तर ते तब्येत आणि मन सावरायला.

चाचणी खरोखर पॉझिटिव्ह असेल तर इंजेक्शनाचा उपयोग नाही, कारण शरीराने आपली प्रतिपिंडं आधीच तयार केलेली असतात. तरी सगळं संपलं असं नाही. नवऱ्याचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळही निगेटिव्हच असणार. तो पॉझिटिव्ह असला तरी त्याच्या आई-वडिलांपैकी एकाकडून त्याला निगेटिव्ह जनुक आलं असेल, तर प्रत्येक बाळ निगेटिव्ह असण्याची शक्यता निम्मी असते. बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रतिपिंडांची पातळी वारंवार मोजतात, आणि बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतल्या प्रवाहाचा वेग डॉप्लर सोनोग्राफीवर पाहतात. रक्त पातळ झालं की ते जोरात वाहतं, त्यावरून रक्तक्षय ओळखता येतो. गरज पडली तर पोटातल्या बाळालाच रक्त चढवतात. १९६३ मध्ये न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी ते पहिल्यांदा केलं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांत आज ते होतं, पण तिथे वेळेत पोचावं लागतं.

अडचण येते ती मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच गर्भपात केला जातो तेव्हा. तिथे रक्तगट विचारायलाच कुणी नसतं, आणि बाईलाही तो बऱ्याचदा ठाऊक नसतो. रक्तगटाची तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, सरकारी दवाखान्यातही होते. ती आधीच करून घ्यावी. दवाखान्यातून सोडताना मिळालेल्या कागदावर अँटी-डी दिल्याची तारीख आणि मात्रा लिहून घ्यावी. कागद फाटतात, हरवतात, म्हणून त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्येही असू द्यावा.