लिनक्सवरील आभासी मोबाइल ब्रॉडबँड इंटरफेस : जबाबदारीची वाटणी

एकाच सेल्युलर मोडेमवरून एकाच वेळी दोन डेटा जोडण्या चालवायच्या असतील, समजा एक इंटरनेटची आणि दुसरी एमएमएसच्या वेगळ्या एपीएनची (मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधल्या प्रवेशद्वाराची), तर मोडेमचा एकमेव नेटवर्क इंटरफेस पुरत नाही. मग त्याच्यावर दर जोडणीमागे एक आभासी इंटरफेस उभा केला जातो. लिनक्समध्ये तो तयार करणे, चालू करणे, त्याला आयपी पत्ता देणे आणि शेवटी काढून टाकणे ही कामे तीन थरांत वाटलेली आहेत : कर्नल (प्रणालीचा गाभा), मोडेममॅनेजर (मोडेमशी बोलणारी सेवा) आणि त्यावरचा जोडणी व्यवस्थापक. हा व्यवस्थापक बहुधा नेटवर्कमॅनेजर असतो. ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्स प्रणालीच्या राउटरवर नेटआयएफडी.

कर्नल फक्त सोय पुरवतो. क्यूएमआय या संदेशपद्धतीने बोलणाऱ्या क्वालकॉमच्या मोडेमसाठीच्या क्यूएमआय-डब्ल्यूवॅन ड्रायव्हरमध्ये 2017 साली ‘अ‍ॅड-मक्स’ ही सिसएफएस फाइल (कर्नलची सेटिंग उघडी करणारी आभासी फाइल) आली. तिच्यात 1 ते 254 मधला आकडा, म्हणजे जोडण्या वेगळ्या ओळखण्याचा मक्स क्रमांक, लिहिला की नवा इंटरफेस तयार होतो. त्याच वर्षी आलेला आरएमनेट ड्रायव्हर हेच काम नेटलिंकद्वारे (कर्नलशी संदेशांनी बोलण्याच्या सोयीने) करतो. एमबीआयएम ही दुसरी संदेशपद्धत वापरणाऱ्या मोडेमच्या ड्रायव्हरने तर व्हीलॅनची (एकाच तारेवर अनेक आभासी नेटवर्क चालवण्याची) जुनीच यंत्रणा वापरली. व्हीलॅनचा क्रमांक हाच सत्राचा, म्हणजे जोडणीचा, क्रमांक. 2021 मध्ये कर्नलमध्ये स्वतंत्र डब्ल्यूवॅन (मोबाइल ब्रॉडबँड) उपप्रणाली आली, ती या वेगवेगळ्या वाटा एकत्र आणण्यासाठीच.

क्रमांक कर्नलला सांगून भागत नाही, मोडेमलाही तोच सांगावा लागतो. क्यूएमआयमध्ये आधी डेटाचे स्वरूप ठरवायचे, मग जोडणी त्या मक्स क्रमांकाला बांधायची. दोन्ही संदेश नियंत्रण पोर्टवरून, म्हणजे मोडेमला आज्ञा देण्याच्या वेगळ्या वाटेवरून, जातात. हा पोर्ट मोडेममॅनेजरच्या ताब्यात असतो, म्हणून इंटरफेस तयार करण्याचे कामही त्याच्याकडेच असणे रास्त आहे. दुसऱ्या कोणी तो परस्पर तयार केला, तर पॅकेटवर कोणता क्रमांक आहे याबद्दल कर्नल आणि मोडेम यांचा मेळ बसत नाही. इंटरफेस दिसतो, चालू असतो आणि त्यातून काहीच जात नाही. 2021 च्या मोडेममॅनेजर 1.18 पासून ही व्यवस्था अंगभूत झाली. त्याआधी ज्यांना गरज होती ते क्यूएमआयसीएलआय (क्यूएमआय संदेश हाताने पाठवण्याचे साधन) वापरून आपापल्या स्क्रिप्ट लिहीत.

खरी घासाघीस मुख्य, म्हणजे मोडेमच्या मूळ, इंटरफेसवरून होते. आभासी इंटरफेसची सगळी पॅकेटे त्याच्यातूनच जातात, म्हणून तो चालू लागतो. पण त्याला पत्ता नसतो आणि मार्गही नसतात. मोडेम अनेक पॅकेटे एकत्र बांधून पाठवत असेल, तर मुख्य इंटरफेसचा एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाचा कमाल आकार) त्या गाठोड्याला पुरेल एवढा वाढवावा लागतो. आभासी इंटरफेसचा मात्र नेहमीसारखा 1500 च्या आसपास राहतो. मुख्य इंटरफेस चालू करणे आणि त्याचा एमटीयू वाढवणे ही दोन्ही कामे मोडेममॅनेजर करतो. जोडणी व्यवस्थापकाने मुख्य इंटरफेसला हात लावू नये, हा नियम इथूनच येतो. त्याला तांत्रिक कारणही आहे : क्यूएमआय-डब्ल्यूवॅनमध्ये इंटरफेस चालू असताना ‘रॉ-आयपी’ची (इथरनेटचे आवरण न लावता आयपी पॅकेटे थेट पाठवण्याची) सेटिंग बदलता येत नाही, कर्नल ‘बिझी’ म्हणून परत पाठवतो. एखाद्या उत्साही स्क्रिप्टने बूट होताच इंटरफेस चालू करून ठेवला, की मोडेममॅनेजरची पुढची वाट अडू शकते.

आयपी पत्त्याची वाट नेमकी उलटी. पत्ता, गेटवे, डीएनएस आणि एमटीयू ही माहिती अनेकदा डीएचसीपीने (पत्ता आपोआप देण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) न येता नियंत्रण पोर्टवरूनच येते, म्हणजे ती आधी मोडेममॅनेजरलाच कळते. तरीही तो ती स्वतः लावत नाही. डी-बसवरील (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याच्या वाटेवरील) ‘बेअरर’ या, म्हणजे एका डेटा जोडणीच्या, वस्तूत इंटरफेसचे नाव आणि ही माहिती मांडून तो मोकळा होतो. आभासी इंटरफेस चालू करणे, त्यावर पत्ता लावणे आणि मार्ग ठरवणे हे जोडणी व्यवस्थापकाचे काम. वायफाय, केबल आणि मोबाइल यांपैकी कोणता मार्ग आधी घ्यायचा हे त्यालाच ठाऊक असल्याने ही वाटणी पटण्यासारखी आहे. नेटवर्कमॅनेजरच्या यादीत मोबाइल उपकरण ‘सीडीसी-डब्ल्यूडीएम0’ अशा नियंत्रण पोर्टच्या नावाने दिसते आणि पत्ता मात्र भलत्याच नावाच्या इंटरफेसवर असतो, त्याचे मूळ यात आहे.

काढून टाकण्याचा नियम सोपा : ज्याने तयार केला त्यानेच काढायचा. आभासी इंटरफेस पुसणे हे मोडेममॅनेजरचे काम. व्यवस्थापकाने तो परस्पर पुसू नये.

मल्टिप्लेक्सिंग (एकाच मुख्य इंटरफेसवरून अनेक जोडण्या चालवणे) हवे की नको हे जोडणी मागणारा सांगतो. ‘नको’, ‘जमल्यास’ आणि ‘हवेच’ असे तीन पर्याय आहेत. क्वालकॉमच्या आयपीए (पॅकेटे हाताळणारा चिपमधला भाग) असलेल्या फोनमध्ये ते मुळातच गृहीत असते, यूएसबी मोडेमवर मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. पहिली जोडणी साध्या पद्धतीने थेट मुख्य इंटरफेसवर झाली असेल, तर तिच्या शेजारी मल्टिप्लेक्स केलेली दुसरी जोडता येत नाही. पहिली तोडून दोन्ही नव्याने मागाव्या लागतात. त्यातच नेटवर्कमॅनेजरची घडण एका उपकरणावर एक चालू जोडणी अशी. त्यामुळे दुसरी जोडणी हवी असणारे अनेकदा एमएमसीएलआयने (मोडेममॅनेजरला आज्ञा देण्याच्या साधनाने) बेअरर उघडतात आणि पत्ता व मार्ग ‘आयपी’ आज्ञेने हाताने लावतात. तेव्हा व्यवस्थापकाची जबाबदारी त्या माणसावर येते, जोडणी पुन्हा जुळल्यावर आलेला नवा पत्ता बदलून लावण्यासकट.