डायमंड क्रॉसिंग आणि ‘कधी ना कधी’चं तर्कशास्त्र

नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण रूळ एकमेकांना छेदतात. समजा, तिथले सिग्नल एका प्रोग्रामच्या हाती दिले. अटी दोन: दोन्ही दिशांना एकाच वेळी हिरवा कधीच नको, आणि थांबलेल्या प्रत्येक गाडीला कधी ना कधी हिरवा मिळालाच पाहिजे. नुसती पहिली अट घातली तर सगळे सिग्नल कायम लाल ठेवणारा प्रोग्रामही पास होतो! संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७७ मध्ये या दोन प्रकारांना अनुक्रमे सेफ्टी (वाईट कधीच घडू नये) आणि लाइव्हनेस (चांगलं कधी ना कधी घडावं) अशी नावं दिली.

प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करण्याची त्याआधीची फ्लॉइड (१९६७) आणि होअर (१९६९) यांची पद्धत म्हणजे सुरुवातीला हे खरं असेल, तर शेवटी ते खरं ठरेल. पण सिग्नलच्या किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रोग्रामला शेवट नसतोच. तो थांबला तर तोच बिघाड.

वाट तत्त्वज्ञानातून निघाली. न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी १९५०च्या दशकात ‘होतं’, ‘होईल’ यांना तर्कशास्त्राची चिन्हं दिली होती. तर्कशास्त्रज्ञ हान्स काम्प यांनी १९६८ मध्ये ‘तोपर्यंत’ आणि ‘तेव्हापासून’ यांची भर घातली. इस्रायलचे संगणकशास्त्रज्ञ अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये हे सारं प्रोग्रामना लावलं. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९९६ साठी मिळाला.

सूत्र असं: नेहमी (गाडी आली → कधी ना कधी हिरवा). बाहेरचं ‘नेहमी’ राहून गेलं तर फक्त पहिला क्षण तपासला जातो, आणि त्या क्षणी गाडीच नसेल तर सूत्र फुकटात खरं ठरतं. ही चूक फार होते. शिवाय ‘कधी ना कधी’ला मुदत नाही, दहा तासांनी मिळालेला हिरवाही चालतो. मुदत हवी असेल तर ती वेगळी लिहावी लागते.

प्रोग्राम असं सूत्र पाळतो याची सिद्धता हाताने लिहिणं फार कष्टाचं. क्लार्क आणि एमर्सन यांनी १९८१ मध्ये, तर क्वेय आणि सिफाकिस यांनी स्वतंत्रपणे १९८२ मध्ये, हे काम यंत्राकडे सोपवलं: प्रोग्रामच्या सगळ्या स्थिती धुंडाळायच्या. याचं नाव मॉडेल चेकिंग. अडचण आकड्यांची. हो-नाही अशी ३० चलं असली की स्थिती १०७ कोटींवर जातात. १९९०च्या सुमारास मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी एकेक स्थितीऐवजी स्थितींचे संचच आकृत्यांत बांधले आणि एकावर वीस शून्यं इतक्या स्थितींपर्यंत मजल मारली.

अट मोडली तर यंत्र नुसतं ‘नाही’ म्हणत नाही, मोडण्याची वाटही दाखवतं, आणि खरी किंमत त्या वाटेचीच. लाइव्हनेसमध्ये ती फासासारखी असते: दक्षिणेची गाडी उभी, पूर्वेला हिरवा, पूर्वेची गाडी गेली, तिथे दुसरी आली, पुन्हा तिलाच हिरवा, आणि वेढा तिथेच फिरत राहतो. यावर उपाय म्हणजे ‘आता पाळी कुणाची’ सांगणारं एक चल वाढवायचं आणि दोन्ही अटी पहिल्यापासून पुन्हा तपासायच्या.