गोव्याचे लोहखनिज आणि २००७ ची रेषा

गोव्याचा लोहखनिजाचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे तिरका उतरतो. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे हे तालुके त्यात येतात. खडक धारवाड समूहातले, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. मुळात लोह आणि सिलिका यांचे आलटून पालटून थर होते. झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका धुऊन नेली, लोह मागे राहिले. म्हणून जांभ्याच्या कवचाखालचा माल बराचसा भुसभुशीत असतो. दक्षिणेला रिवणकडे मँगनीज सापडते, बेतूलच्या पठारावर बॉक्साइट आहे. पण सगळे भांडण लोहाचे.

पोर्तुगीज राजवटीने १९०६ च्या खाण कायद्याखाली मुदत नसलेल्या सवलती, म्हणजे खाणकामाचे हक्क, वाटल्या होत्या. महायुद्धानंतर जपानी पोलाद कारखान्यांकडून मागणी आली. मांडवी-झुवारीतून बार्जने माल मुरगावला नेणे स्वस्त पडत होते. पन्नासच्या दशकात धंदा उभा राहिला आणि मुक्तीनंतरही त्याच सवलतींवर चालला.

गुंता १९८७ पासूनचा. केंद्राच्या कायद्याने सवलती रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे, म्हणजे ठरावीक मुदतीचे भाडेपट्टे, झाले, तेही मागे जाऊन २० डिसेंबर १९६१ पासून. पट्टेदार न्यायालयात गेले. १९६१ धरायचे की १९८७, यावर मागची देणीही अवलंबून होती आणि पुढची मुदतही. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला, खोदाई मात्र थांबली नाही. २०१२ मध्ये ती बंद पडली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हे मानीव पट्टे, म्हणजे कायद्याने सवलतींऐवजी पट्टे मानलेले हक्क, २२ नोव्हेंबर १९८७ ला संपले. पुढे २० वर्षांचे एक नूतनीकरण धरले, तरी २२ नोव्हेंबर २००७ ला सगळे आटोपले. त्यानंतरची खोदाई बेकायदा.

आणि २००७ नंतरचीच वर्षे चिनी तेजीची. पूर्वी कोणी न विचारलेला हलक्या प्रतीचा माल जहाजात चढू लागला. २०१०-११ मध्ये निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली.

निकालानंतर राज्य सरकारने लिलाव न करता ८८ पट्टे जुन्याच धारकांना नूतनीकृत करून दिले. १२ जानेवारी २०१५ ला लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश आला. त्याच्या आधीच्या काही दिवसांत फायलींना जो वेग आला, तो एरवी सरकारी कचेरीत पाहायला मिळत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ही नूतनीकरणे रद्द झाली. मुदत १९८७ पासून ५० वर्षे, म्हणजे २०३७ पर्यंत आहे, हा पट्टेदारांचा दावाही २०२१ मध्ये टिकला नाही. खाणबंदीचे खापर आजही पर्यावरणवाद्यांवर फुटते. २०१८ चा निर्णय मात्र मुख्यतः नूतनीकरणाच्या वैधतेवर झाला.

२०२२ च्या डिसेंबरात पहिले लिलाव झाले, डिचोलीतली खाण २०२४ मध्ये सुरू झाली. पट्ट्याबाहेर टाकलेल्या डंपांचा, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मालाच्या ढिगांचा, प्रश्न त्याने सुटला नाही. पट्ट्याबाहेर डंप टाकायला परवानगी नाही, हे २०१४ च्या निकालातच आहे. पण या ढिगांत विकण्याजोगे लोह आहे आणि कित्येक ढीग खासगी जमिनीवर आहेत.